सिव्हिलायझेशन ६: चंद्रगुप्ताच्या दहा टर्नमध्ये रोम कसे घ्यावे?

माळरान यांचा प्रश्न

मी सिव्हिलायझेशन ६ हा राज्य उभारण्याचा, टर्न म्हणजे पाळीपाळीने खेळायचा संगणकावरील खेळ 'गॅदरिंग स्टॉर्म' या विस्तारासह, एम्परर पातळीवर आणि स्टँडर्ड वेगाने खेळत आहे. मी चंद्रगुप्त निवडला असून माझ्या पूर्वेला ट्रेजनचे रोम आहे. त्याची तीन शहरे माझ्या बाजूला येतात. दक्षिणेला, माझ्या सीमेला लागून, तीन लोकसंख्येचे अँटियम आहे. उत्तरेला नदीच्या काठावर पाच लोकसंख्येचे ओस्टिया आहे. या दोन्हींच्या मागे, टेकड्यांपलीकडे, नऊ लोकसंख्येची राजधानी रोम आहे.

चौसष्टाव्या टर्नला मी चार वरू हत्ती (भारताची खास तुकडी) आणि तीन धनुर्धर घेऊन कोणतीही पूर्वसूचना न देता युद्ध पुकारले. अँटियमला तटबंदी नव्हती, त्यामुळे ते चार टर्नमध्ये हाती आले. तेथून मी ओस्टियाकडे वळलो आणि तेथेच मोहीम अडली. ओस्टियाला प्राथमिक तटबंदी होती. एकेका हत्तीच्या हल्ल्याने तटाचे पाच-सहा अंशांपेक्षा अधिक नुकसान होत नव्हते आणि दर टर्नला शहरातून होणाऱ्या माऱ्याने माझे सैन्य झिजत होते. दोन हत्ती मेले. मी तेथे गुंतलेलो असतानाच अँटियमची लॉयल्टी (राज्यावरील निष्ठा) शून्यावर आली आणि ते बंड करून स्वतंत्र झाले. हातात काहीही न उरता शेवटी तह करावा लागला आणि इतर सर्व राज्यांचा रोष मात्र पदरी आला.

साठाव्या टर्नचा सेव्ह माझ्याकडे आहे. त्या वेळी हेच चार हत्ती, तीन धनुर्धर, दोन योद्धे, लोखंडाचा साठा २२ आणि ३१० सोने माझ्याजवळ होते. लोखंडाची एक खाण चालू आहे. एन्कॅम्पमेंट (शहराचा लष्करी विभाग) अजून बांधलेला नाही आणि मिलिटरी ट्रेनिंग हा सिव्हिकही (संस्कृतीतून मिळणारा शोध) मिळालेला नाही. चंद्रगुप्ताच्या 'अर्थशास्त्र' या वैशिष्ट्याचा मी उपयोगच केला नाही, हे आता लक्षात आले. ही मोहीम पुन्हा मुळापासून आखायची झाल्यास सैन्य कोणते असावे, युद्ध केव्हा पुकारावे आणि पहिले शहर कोणते घ्यावे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

बिनीवाला यांचे उत्तर

तुमचे सैन्य संख्येने कमी नव्हते. त्याची घडण त्या कामासाठी नव्हती. हत्ती हे जड घोडदळाच्या वर्गात मोडतात. तटाला रॅम (तट फोडण्याचा ओंडका) लावला, तरी त्याचा लाभ केवळ पायदळाच्या तुकड्यांना, म्हणजे योद्धे, तलवारधारी आणि भालाईत यांनाच मिळतो. रॅमशिवाय तटावर जवळून केलेल्या हल्ल्याचे जेमतेम १५ टक्के नुकसान तटाला पोहोचते. तुम्हाला पाच-सहा अंश दिसत होते ते याचमुळे, आणि आणखी चार हत्ती आणले असते तरी ओस्टियापुढे तेच चित्र दिसले असते. धनुर्धरांचीही स्थिती फारशी वेगळी नाही; शहरावर मारा करताना त्यांचे युद्धबळ १७ ने कमी धरले जाते आणि तटाला त्यांचे निम्मेच नुकसान लागते.

याचा अर्थ हत्ती निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. त्यांचे काम मैदानात आहे. रोमच्या लिजनचे (त्याच्या खास पायदळाचे) युद्धबळ ४० आहे आणि एम्पररवर संगणकाला २ अंश अधिक मिळतात, म्हणजे ४२. वरूच्या शेजारी उभ्या असलेल्या शत्रूचे बळ ५ ने घटते, म्हणजे ३७. 'अर्थशास्त्र' लागू असताना तुमच्या वरूचे बळ ४० अधिक ५, म्हणजे ४५ होते. या खेळात दोन्ही बळे समान असल्यास सुमारे ३० अंशांचे नुकसान होते आणि फरक वाढत जाईल तसा तो आकडा घातांकी पद्धतीने बदलतो. १७ अंशांच्या फरकाला नुकसान जवळजवळ दुप्पट होते. आठ अंशांच्या फरकाला हत्ती लिजनचे साधारण ४१ अंश घेतो आणि स्वतः २२ गमावतो. 'अर्थशास्त्र' नसताना हाच फरक तीन अंशांवर येतो आणि देवाणघेवाण ३४ विरुद्ध २७ अशी होते. शंभर अंशांच्या तुकडीला पहिल्या हिशेबात तीन हल्ले पुरतात आणि हत्ती उभा राहतो. दुसऱ्या हिशेबात तिसऱ्या हल्ल्यानंतर हत्तीलाच मागे न्यावे लागते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे 'अर्थशास्त्रा'कडे वळतो. मिलिटरी ट्रेनिंग मिळाल्यावर चंद्रगुप्ताला मुलूखविस्ताराचे युद्ध पुकारता येते आणि त्या घोषणेपासून पहिल्या दहा टर्नपर्यंत प्रत्येक तुकडीला २ चाली आणि ५ बळ अधिक मिळते. हे दहा टर्न घोषणेच्या क्षणापासून मोजले जातात. सैन्य शत्रूच्या तटापाशी पोहोचण्याची वाट ते पाहत नाहीत. अनेक खेळाडू घोषणा करतात आणि मग सैन्य गोळा करण्यात चार टर्न घालवतात. या युद्धासाठी आधी पाच टर्न जाहीर निषेध करावा लागतो, तसेच तुमची दोन शहरे शत्रूच्या दोन शहरांपासून दहा घरांच्या (नकाशावरील षट्कोनी चौकटींच्या) आत असावी लागतात. दुसरी अट तुमच्या वर्णनावरून पूर्ण होत असावी. निषेधानंतरचे ते पाच टर्न म्हणजेच तुमचा जमवाजमवीचा काळ समजावा. घोषणेच्या टर्नला प्रत्येक तुकडी सीमेच्या अगदी अलीकडच्या घरात, ज्या वाटेने जायचे त्या वाटेच्या तोंडाशी उभी असली पाहिजे.

त्यासाठी साठाव्या टर्नलाच एन्कॅम्पमेंट बांधायला घ्या. तो पूर्ण झाला की मिलिटरी ट्रेनिंगचे इन्स्पिरेशन (शोध लवकर पुरा करणारी चालना) मिळते. अंदाजे पंचाहत्तराव्या ते अठ्ठ्याहत्तराव्या टर्नपर्यंत घोषणा करता येईल असा बेत ठेवा. लोखंडाचा हिशेब मात्र आजच करा. एक तलवारधारी २० लोखंड घेतो आणि तुमची खाण टर्नला २ देते. अठ्ठ्याहत्तराव्या टर्नपर्यंत एकूण ५८ लोखंड होईल, म्हणजे दोन तलवारधारी आणि वर १८ शिल्लक. साठा ५० च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून पहिला तलवारधारी आत्ताच सुरू करावा. तिसऱ्यासाठी कमी पडणारे दोन-चार लोखंड दुसऱ्या राज्याकडून सोने देऊन घ्यावे. या विस्तारात साठ्यातील लोखंडाचा असा व्यवहार होतो. तीन तलवारधारी, एक रॅम, चार हत्ती आणि तीन धनुर्धर एवढे सैन्य ओस्टिया आणि रोम दोन्हींसाठी पुरेसे आहे.

शक्य झाल्यास दोन कॅटापुल्ट (दगडफेकी यंत्रे) जरूर जोडावेत. एरवी कॅटापुल्टला त्याच टर्नमध्ये हलून मारा करता येत नाही, कारण त्याच्या कमाल चाली दोनच असतात; 'अर्थशास्त्रा'मुळे त्या चार होतात आणि तो पुढे सरकून लगेच मारा करतो. दहा टर्नच्या मोहिमेत हा लाभ फार मोठा आहे आणि तो सेनापतीशिवायच मिळतो.

षट्कोन यांचे उत्तर

बिनीवाला यांचा हिशेब योग्य आहे, परंतु कॅटापुल्टविषयी मी सहमत नाही. साठाव्या टर्नपासून कॅटापुल्टसाठी इंजिनिअरिंग हा तंत्रशोध, वर एन्कॅम्पमेंट आणि सिव्हिक, एवढे सगळे एकाच वेळी धरले तर घोषणा नव्वदाव्या टर्नपर्यंत लांबेल आणि तोपर्यंत रोमच्या तिन्ही शहरांना तट असतील, लिजनही अधिक असतील. शहराचे स्वतःचे बळ मालकाने उभारलेल्या सर्वांत प्रबळ तुकडीवर ठरते, हेही विसरता येत नाही. प्राथमिक तटाला १०० अंश असतात. रॅमसह तीन तलवारधारी तो दोन-तीन टर्नमध्ये उतरवतात. कॅटापुल्टवर खर्च होणारे उत्पादन मी दुसऱ्या रॅमकडे आणि भालाइतांकडे वळवीन, कारण भालाइताला लोखंड लागत नाही आणि रॅमचा लाभ त्यालाही मिळतो.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेढ्याचे. तुमच्या वर्णनात ओस्टिया नदीकाठी आहे आणि बहुधा तेथेच दुसरी चूक झाली असावी. शहराच्या भोवतालच्या सर्व घरांवर तुमच्या तुकड्यांचा अंमल असेल तर शहर वेढ्यात आहे असे धरले जाते आणि त्याची दर टर्नची २० अंशांची भरपाई थांबते. एक पायदळ वा घोडदळाची तुकडी स्वतःचे घर आणि शेजारची घरे अडवते. म्हणून मोकळ्या जागेवरचे शहर समोरासमोरच्या दोन तुकड्यांनीही वेढता येते. धनुर्धर आणि कॅटापुल्ट असा अंमल बसवत नाहीत आणि हा अंमल नदीपलीकडे पोहोचत नाही. नदीकाठच्या शहराला त्यामुळे तीन किंवा चार तुकड्या लागतात. तुम्ही सगळे सैन्य नदीच्या अलीकडे ठेवून मारा करीत असाल, तर ओस्टिया दर टर्नला सावरत होते आणि नदी ओलांडून हल्ला केल्याचा तोटाही तुमच्याच माथी होता. या वेळी दोन हत्ती पहिल्याच टर्नला वळसा घालून पलीकडे पाठवावेत. चार चालींचे हत्ती त्या दहा टर्नमध्ये वेगाने जातात. त्यांच्या जागा नकाशावर आधीच नेमून ठेवाव्यात.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. रोमची नवी शहरे राजधानीच्या व्यापारी मार्गाच्या टप्प्यात असली की त्यांना आपोआप रस्ता मिळतो. ओस्टियाहून रोमकडे रस्ता असणारच. त्या टेकड्यांमधून रस्त्यावरून गेल्यास प्रत्येक घराला एकच चाल लागते. ओस्टिया पडले की हा रस्ता तुमचा झाला. अँटियमकडूनही रस्ता आहे, पण तेथून रोमवर जाताना तुमची डावी बगल ओस्टियाच्या माऱ्याला उघडी राहते.

तहनामा यांचे उत्तर

सैन्याविषयी वर पुरेसे आले आहे. तुमचे अँटियम हातचे गेले त्याबद्दल लिहितो, कारण माझ्या मते या मोहिमेचे अपयश ओस्टियाच्या तटापाशी झालेले नाही. ते पहिले शहर निवडतानाच झाले होते.

शहराची लॉयल्टी भोवतालच्या लोकसंख्येवर ठरते. नऊ घरांच्या आतील प्रत्येक शहराचे नागरिक आपापल्या राज्याकडे ओढतात आणि अंतर वाढेल तशी ही ओढ दर घरामागे दहा टक्क्यांनी कमी होते. अँटियमच्या शेजारी नऊ लोकसंख्येचे रोम आणि पाच लोकसंख्येचे ओस्टिया होते. तुमच्या बाजूने तुमचे एखादेच शहर जवळ असावे. तीन लोकसंख्येचे, नुकतेच जिंकलेले शहर अशा ठिकाणी टिकत नाही. सर्वांत सोपे शहर प्रथम घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु अशा शहराने शत्रूची ओढ कमी होत नाही आणि तुमची वाढत नाही. ओढीचे मूळ रोममध्ये आहे. रोम पडले की त्याचे उरलेले नागरिक तुमच्या बाजूने ओढू लागतात, आणि ओस्टिया त्याच्या शेजारीच असल्याने दोन्ही शहरे एकमेकांना धरून ठेवतात. म्हणून क्रम ओस्टिया, रोम आणि मग अँटियम असा असावा. अँटियम शेवटी घेतले किंवा घेतले नाही, तरी त्याच्यावर तुमचाच दाब पडू लागेल.

यासाठी ओस्टिया आणि रोम यांमधील अंतर चार-पाच टर्नपेक्षा अधिक असता कामा नये. ओस्टिया तिसऱ्या किंवा चौथ्या टर्नला पडले पाहिजे, कारण तेथूनच त्याची घसरण सुरू होते. गव्हर्नर नेमल्यास टर्नला ८ लॉयल्टी मिळते; व्हिक्टर हा गव्हर्नर इतरांच्या पाच टर्नऐवजी तीन टर्नमध्ये स्थिर होतो, म्हणून तो मोकळा ठेवावा आणि ओस्टिया पडताच तेथे पाठवावा. प्रत्येक जिंकलेल्या शहरात एक तुकडी ठेवावी. जखमी तुकडीला तेवढीच विश्रांतीही मिळते. ट्रेजनच्या वैशिष्ट्यामुळे त्याच्या शहरांत मॉन्युमेंट (स्मारक) आयते असते. ते तुमच्या हाती आले की त्याची १ लॉयल्टी तुम्हाला मिळते. आकडा लहान आहे, परंतु अशा शहरात एकेका अंशाने बंड एक-दोन टर्न पुढे जाते, आणि तुम्हाला तेवढाच वेळ हवा असतो.

घोषणेचा टर्न ठरवण्याआधी एक गोष्ट अवश्य पाहावी. सुवर्णयुगातील राज्याचे नागरिक दीडपट ओढतात आणि अंधारयुगातील निम्म्याने. रोम अंधारयुगात आणि तुम्ही साध्या युगात असाल, तर अँटियमदेखील टिकले असते. स्टँडर्ड वेगाला एक युग चाळीस ते साठ टर्न चालते आणि सर्वांची युगे एकाच वेळी बदलतात. नवे युग जवळ आले असेल आणि तुमचे युगगुण सुवर्णयुगाच्या उंबरठ्यावर असतील, तर चार-पाच टर्न थांबणे फायद्याचे ठरते. षट्कोन यांनी सांगितलेला उशिराचा धोका खरा आहे, पण हा एक उशीर मी पत्करीन.

माळरान

तिघांचेही मनापासून आभार. आपल्या उत्तरांवरून मी बेत असा केला आहे: पहिला तलवारधारी लगेच, त्यासोबत एन्कॅम्पमेंट, मग दोन रॅम आणि एक भालाईत, कॅटापुल्ट या वेळी सोडून देतो. दोन हत्ती उत्तरेच्या उताराला नदी ओलांडून ओस्टियाच्या मागे जातील, पायदळ रॅमसह पश्चिमेकडून भिडेल आणि उरलेले दोन हत्ती रोमहून येणाऱ्या लिजनना रस्त्यावरच रोखतील. रोमचे युग पाहिले. तो साध्या युगात आहे, मीही साध्याच युगात आहे आणि पुढचे युग बरेच दूर आहे, त्यामुळे थांबण्याचा प्रश्न येत नाही.

एक शंका उरते. ओस्टियाच्या वेढ्यात पायदळ निम्मे झिजेल असे गृहीत धरले, तर चौथ्या टर्नला त्याच तुकड्या घेऊन रोमवर कसे जावे? शत्रूच्या मुलखात तुकडीला टर्नला पाचच अंश परत मिळतात.

बिनीवाला यांचे उत्तर

यासाठी बढत्या राखून ठेवाव्या लागतात. तुकडीला बढती मिळण्याइतका अनुभव जमला, तरी ती लगेच घेऊ नका. बढती घेतल्यावर त्या तुकडीचा तो टर्न संपतो, परंतु तिचे ५० अंश भरून येतात. शत्रूच्या मुलखातील दहा टर्नची विश्रांती एका टर्नमध्ये मिळण्यासारखे हे आहे. म्हणून युद्धाआधी तलवारधाऱ्यांना रानटी टोळ्यांशी लढवून बढतीच्या जवळ आणून ठेवा आणि ओस्टियात ती पदरात पडेल असे पाहा. दुसरा मार्ग शेतांचा आहे. शत्रूचे शेत लुटल्यास लुटणाऱ्या तुकडीला ५० अंश मिळतात. ओस्टिया आणि रोम यांच्यामधली शेते आत्ताच मोजून ठेवा आणि ती हत्तींनी लुटू नयेत, पायदळासाठी ठेवावीत. ओस्टिया पडल्यावर जी तुकडी सर्वांत जखमी असेल ती शहरातच राहू द्या. तेथे तिला टर्नला २० अंश मिळतील आणि तहनामा यांनी सांगितलेली शिबंदीही होईल.

तहनामा यांचे उत्तर

बिनीवाला यांच्या शेतांविषयीच्या सूचनेला एक पुरवणी जोडतो. जी शेते तुम्ही पुढे स्वतः वापरणार आहात, त्यांची दुरुस्ती बिल्डरला करावी लागेल. रोमभोवतीची दोन शेते शक्य तर वाचवावीत.

आणि तहाविषयी. दहावा टर्न संपला की तुमची चढती बाजू ओसरते. त्या टर्नपर्यंत ओस्टिया आणि रोम हाती असतील, तर अँटियमसाठी आणखी पाच टर्न लढत राहू नका. जिंकलेली शहरे तह होईपर्यंत ताब्यातलीच समजली जातात आणि त्यांची वाढ अडते, म्हणून तहाच्या वाटाघाटीत ट्रेजनकडून दोन्ही शहरे रीतसर तुमच्या नावे लिहून घ्या. राजधानी गेलेला ट्रेजन ते बहुधा मान्य करील. त्या वेळी तुमच्याकडे शे-दोनशे सोने शिल्लक असेल तर ते नव्या तुकडीवर न घालता ओस्टियातील धान्यकोठारासाठी वापरा, कारण तेथील लोकसंख्या एकाने वाढली, तरी अँटियमवरची तुमची ओढ त्या प्रमाणात वाढते. माझ्या एका खेळात याच रीतीने सीमेवरचे तिसरे शहर तहानंतर बाराव्या टर्नला बंड करून स्वतंत्र झाले आणि पुढे लढाईशिवाय माझ्याकडे आले. अँटियमच्या बाबतीत किती टर्न लागले ते येथे जरूर कळवा.